किती वापरात

एकेचाळिसावी नोंद लिहायला शाल्मलीला सहा आठवडे लागले. आधीच्या चाळीस तिने चहा गार व्हायच्या आत हातावेगळ्या केल्या होत्या.

लूम ही संगणकाची भाषा. जगातल्या निम्म्या यंत्रांचे प्रोग्रॅम लूममध्ये लिहिलेले आहेत, आणि या भाषेत कशाचा अर्थ काय, हे ठरवणारं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, अकराशे पानांचं. शाल्मली देवस्थळी तेवीस वर्षं त्या मानकाची संपादक होती, साताऱ्यात, शाहूपुरीतल्या घराच्या वरच्या खोलीत बसून. मानकाच्या अगदी शेवटी परिशिष्ट क येतं. मुख्य मजकुरातला एखादा जुना नियम बदलला की त्यापायी कुणाचं काय मोडेल, ते तिथे लिहायचं. चार प्रश्न ठरलेले. बदल काय? कारण काय? जुन्याला नव्यात आणणं किती अवघड? आणि जुनं किती वापरात आहे?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर चाळीसपैकी सदतीस नोंदींत एकच होतं : ‘नगण्य’. शब्द शाल्मलीचाच.

परिशिष्ट क कोणी वाचत नाही. गावजेवणात मीठ कुणी वाढलं, हे जसं कोणी विचारत नाही, तसंच ते.

बदल

प्रश्न फार लहान आकड्यांचा होता. फार लहान म्हणजे दशांशचिन्हानंतर तीनशेच्या वर शून्यं आणि मग कुठे एखादा अंक. यंत्राची मोजपट्टी तिथे संपते. ती संपत आली की काय करायचं, याच्या दोन रीती आहेत. एक म्हणते, उरलंसुरलं जपा. अचूकपणा थोडा जाईल, वेळ जास्त लागेल, पण आकडा अगदीच पुसला जाणार नाही. दुसरी म्हणते, एवढ्याशाला काय कवटाळून बसायचं, शून्य म्हणा आणि पुढे चला. यातली कुठली रीत पाळायची, हे लूमच्या मानकाने यंत्र बनवणाऱ्याच्या मर्जीवर सोडलं होतं. कलम एकोणतीस, परिच्छेद चार. एकच ओळ.

नवा मसुदा म्हणत होता : सर्वत्र शून्य.

पूर्वी अशा बदलाने कुणाची झोप उडाली नसती. मानक छापून यायचं, कंपन्या ते सवडीने वाचायच्या, दोन-चार वर्षांनी पाळायच्या किंवा विसरून जायच्या. मग नऊ वर्षांपूर्वी ‘वाचक’ आला. वाचक हा प्रोग्रॅम थेट मानकच वाचतो. त्यातला प्रत्येक नियम गणितात उतरवतो, जगात चालू असलेला प्रत्येक लूम प्रोग्रॅम त्याच्याशी ताडून बघतो, आणि मानक लागू व्हायच्या घटकेला ते सगळे प्रोग्रॅम नव्या नियमाने पुन्हा रचून आपापल्या यंत्रात बसवतो. ज्या यंत्रावर वाचकाची सही नाही, ते यंत्र चालत नाही. त्यामुळे यंत्रांतल्या चोऱ्या जवळजवळ थांबल्या, धरणांचे दरवाजे आपोआप उघडेनासे झाले, आणि अकराशे पानांतली एक ओळ सकाळी बदलली की दुपारपर्यंत जग बदलू लागलं.

समितीतली जुनी माणसं तेव्हापासून हळू आवाजात बोलायला लागली.

कारण

एफुआ मेन्सा ही घानाची प्रतिनिधी. संध्याकाळी पाचच्या बैठकीत पडद्यावर चौदा चेहरे होते, त्यात तिचा सगळ्यात लहान दिसत होता, कारण ती कॅमेऱ्यापासून लांब बसली होती. तिने एकही फोटो दाखवला नाही. फक्त दोन आलेख दाखवले.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवतात त्या काचेच्या पेट्या. पेटीत एक यंत्र, वॉर्डात दुसरं, आणि दोघं मिळून बाळाचा श्वास मोजतात. श्वास मंदावत जातो तसे आकडे लहान लहान होत जातात. पेटीतलं यंत्र उरलंसुरलं जपणारं. वॉर्डातलं शून्य म्हणणारं. पेटीला वाटायचं, मोजणी चालू आहे. वॉर्डाला वाटायचं, संपली, आता पेटी बोलेल. दोघं एकमेकांची वाट बघत थांबायची.

“चाळीस सेकंद,” एफुआ म्हणाली. “तेवढा वेळ भोंगा वाजत नाही. तीन देशांत मिळून वर्षात नऊ बाळं. आमच्याकडची दोन. दोष कुणाच्याच यंत्रात नाही, दोन्ही यंत्रं मानक पाळतात. हीच अडचण आहे.”

“मग सगळ्यांनी जपायचं, असं का नाही करायचं?” शाल्मलीने विचारलं. प्रश्न विचारताना आपला आवाज जरा घाईचा आला, हे तिचं तिलाच जाणवलं.

“स्वस्त यंत्रांना जपता येतच नाही, शाल्मली. त्यांच्यात तेवढी जागाच कोरलेली नसते. आमच्या दवाखान्यांत तीच परवडतात. शून्य म्हणणं मात्र प्रत्येकाला येतं.”

समितीची अध्यक्ष तेरेझा पोर्तुगालची. सत्तरीची बाई, दर बैठकीत विणकाम घेऊन बसायची. तिने सुया खाली ठेवल्या.

“वाचकाला आक्षेप मोजायला लावू या,” ती म्हणाली.

आक्षेप

ही समितीची जुनी रीत. कुणाचाही आक्षेप, कितीही किरकोळ असो, आला की त्याला लेखी उत्तर द्यायचंच, आणि उत्तराखाली संपादकाची सही. वाचक आल्यापासून माणसांनी आक्षेप घ्यायची वाटही बघावी लागत नाही. बदलामुळे ज्या प्रोग्रॅमचं वागणं पालटेल, त्या प्रत्येकाच्या वतीने वाचकच आक्षेप नोंदवतो, मग शक्य असेल तिथे त्या प्रोग्रॅमची जुळणी बदलून स्वतःच तो मिटवतो. मालकाला प्रत जाते. हवं तर मालकाने आक्षेप मागे घ्यायचा, नाहीतर कायम ठेवायचा.

या बदलाला चार लाख अकरा हजार आक्षेप आले. तीन दिवसांत वाचकाने एक सोडून सगळे मिटवले.

उरलेल्या एकापुढे यंत्राचा प्रकार होता : वाणीयंत्र, मेंदूत बसवलेलं. ठिकाण होतं : सातारा.

शाल्मलीने खुर्ची मागे सरकवली आणि ती जिना उतरू लागली. खालून तिच्या नवऱ्याचा, कौस्तुभचा, आवाज आणि त्याची देखभाल करणाऱ्या सुरेखामावशींचं हसणं ऐकू येत होतं.

“मावशी, हा चहा आहे का यवतेश्वरच्या टाकीतलं पाणी?”

“गप बसा साहेब. साखर बंद केलीया डाक्टरनी.”

“अजून किती गप बसू? सहा वर्षांत ओठ हलवलेला नाही मी.”

मावशी फसकन हसल्या आणि चमचाभर चहा कौस्तुभच्या ओठांत सोडला. ओठ खरंच हलले नव्हते. आवाज उशीजवळच्या स्पीकरमधून येत होता. आवाज त्याचाच होता, किंचित घोगरा, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा, आणि टोमणा मारायच्या आधी अर्धा क्षण थांबणारा.

अकरा वर्षांपूर्वी पहिला झटका आला तेव्हा त्याचं बोलणं अर्धं गेलं. डॉक्टरांनी यंत्र बसवलं. कंपनीचा प्रोग्रॅम त्याला आवडला नाही. “हा मला बातम्या देणाऱ्यासारखा बोलवतो,” म्हणून कौस्तुभने डाव्या हाताने चौदा महिने खपून तो नव्याने लिहिला. उरलेलं अर्धं बोलणं यंत्राला ऐकवत, चुका दाखवत, त्याने यंत्राला स्वतःची ओळख पढवली. झटक्यात मेलेल्या भागातून मेंदूचे जे अगदी पुसट इशारे यायचे, तेही त्याने टाकून दिले नाहीत. ते एकमेकांत गुणले जाऊन इतके लहान होत की मोजपट्टीच्या पार तळाशी जात. कौस्तुभचं यंत्र उरलंसुरलं जपणारं होतं. त्याचा अर्धा क्षण थांबून मारलेला टोमणा त्या तळातून यायचा.

मग दुसरा झटका आला. डोळे आणि गिळणं सोडलं, तर कपाळाखालचं सगळं शांत झालं. आता यंत्राला नव्याने शिकवायला त्याच्याकडे बोलणं उरलेलं नव्हतं.

“संपादकबाई,” कौस्तुभ म्हणाला, “आज आठव्या पायरीवर थांबलात. प्रत मिळाली वाटतं.”

“तुला कधी मिळाली?”

“तुझ्या आधी चार मिनिटं. आक्षेप घेणाऱ्याला आधी कळवायचं. तूच केलेला नियम.”

मावशींनी दोघांकडे बघितलं, कपबशी उचलली आणि “कापडं वाळत घालते” म्हणून बाहेर गेल्या.

शाल्मली पलंगाच्या कडेवर बसली. “मी काढते काहीतरी मार्ग. आकडे सगळे मिळून वर उचलता येतील. लहान राहिलेच नाहीत, तर शून्य कसे होतील?”

“खालचे उचललेस तर वरचे छताला आपटतील. तळापासून छतापर्यंत सगळी मोजपट्टी वापरलीय मी. फार हुशार होतो तेव्हा.” जरासा थांबला. “वाचकाने हेच करून बघितलं असणार. एकशेवीस वेळा.”

“दोनशे सहा.”

“बघ, हट्टी आहे बिचारा. ऐक आता. मी आक्षेप मागे घेणार नाही.”

“मी तसं म्हटलंय का?”

“म्हणणार नाहीस. तोंड पाडून भाजी चिरशील. म्हणून आधीच सांगून ठेवतो. नऊ बाळं गेली, मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण माझ्या बोलण्याऐवजी मला कंपनीची बावन्न तयार वाक्यं देऊन ती परत येणार आहेत का?”

“पुढची वाचतील, कौस्तुभ.”

“पुढची! पुढच्यांना चेहरे नसतात, म्हणून दर वेळी तीच जिंकतात. मला चेहरा आहे. हलत नाही, एवढंच.”

शाल्मलीने त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

“आणि मला उत्तर समितीचं हवं,” तो म्हणाला. “लेखी. रीतसर. तुझ्या सहीचं. स्वयंपाकघरात डोळे पुसत दिलेलं चालणार नाही.”

आक्षेपाचा उगम (ही बाब परिशिष्टात विचारत नाहीत)

तेवीस वर्षांपूर्वी, पोर्तो. शाल्मलीची संपादक म्हणून पहिली बैठक. तिने प्रत्येकासाठी कंदी पेढे नेले होते, कारण प्रतिनिधीने आपल्या गावचं काहीतरी गोड न्यायचं, अशी समितीत रीत होती. पुण्याचा एक लांब केसांचा मुलगा सकाळपासून तिच्या डब्यातले पेढे परवानगी न घेता खात होता आणि परिच्छेद चारवर बोलत होता.

“आपण कोण ठरवणारे?” तो म्हणत होता. “कुणाला जपायचं असेल त्याने जपावं. उद्या काय सुचेल कुणाला, आपल्याला आज काय माहीत? दार उघडं ठेवा.”

शाल्मलीकडे पाच पानं होती, बरोबर उलट मुद्द्याची. दोन यंत्रं दोन रीतींनी चालली तर एक दिवस ती एकमेकांशी बोलताना अडतील, असं त्यातल्या तिसऱ्या पानावर लिहिलेलं होतं.

समितीत कौल पाच पर्यायांत घेतात. जोरदार बाजूने, किंचित बाजूने, तटस्थ, किंचित विरोधात, जोरदार विरोधात. एकाचा जरी जोरदार विरोध आला तरी मसुदा परत जातो. एक वाजत आला होता. सभागृह एकला रिकामं करायचं होतं. त्या मुलाने पेढ्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून तिच्याकडे बघितलं आणि हसला.

‘किंचित बाजूने’ म्हटल्यावर शाल्मलीने हात वर केला.

पाच पानं पिशवीतच राहिली. दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं.

रूपांतराची अडचण

तेरेझाने स्वतःहून फोन केला. “उत्तर मी लिहिते. तू या नोंदीपुरती बाजूला हो. घरचा प्रश्न आहे म्हणून लिहून दे, कुणी बोट ठेवणार नाही.”

“तो मान्य करणार नाही. उत्तराखाली संपादकाची सही लागते.”

“नियमाला अपवाद काढता येतो.”

“तेरेझा, अपवाद काढायचाच, तर त्याच्या आवाजासाठी काढला असता ना आपण?”

तिकडून सुयांचा आवाज थांबला. “काढून बघितलास?”

बघितला होता. तो दुसरा मसुदा.

*मसुदा पहिला.* फेटाळला. बदलाचा लाभ व्यापक असून हानी नगण्य आहे. [खोडलं.]

*मसुदा दुसरा.* अंशतः मान्य. या एका यंत्राला जुन्या रीतीने चालण्याची सूट. [खोडलं. वाचकाचा शेरा : सूट दिल्यास सिद्धता पूर्ण होत नाही. संबंधित प्रोग्रॅमचा गाभा सत्तर हजार काचेच्या पेट्यांमध्येही वापरला आहे. सूट त्यांनाही लागू होईल.]

हा शेरा तिने तीनदा वाचला. चौदा महिने खपून लिहिलेलं काम कौस्तुभने कुणालाही वापरता यावं म्हणून खुलं सोडलं होतं. पुसट इशारा न गमावता कसा मोजायचा, हे पेट्या बनवणाऱ्यांनी त्याच्याकडूनच उचललं होतं. चांगल्या हेतूनेच. बाळाचा श्वासही पुसट असतो.

हे तिने त्याला सांगितलं नाही. दोन दिवसांनी त्यानेच विचारलं, “पेट्यांत माझं काम आहे, हे तू मला कधी सांगणार होतीस?” आणि ती काही बोलायच्या आत म्हणाला, “जाऊ दे. नसतं सांगितलंस तरी चाललं असतं.”

त्यानंतर दिवसभर स्पीकरमधून काही आलं नाही. मावशी दोनदा येऊन वायर बघून गेल्या.

*मसुदा तिसरा.* यंत्र वाचकापासून तोडून ठेवावं. [खोडलं. सही संपली की यंत्र बंद पडतं. ‘हो’ आणि ‘नाही’सुद्धा जाईल.]

*मसुदा चौथा.* मला माफ कर. [खोडलं. समिती माफी मागत नाही. तसा रकाना नाही.]

*मसुदा पाचवा.* कोरा. तीन दिवस.

सहाव्या आठवड्यात सोमवारी दुपारी ती सहावा मसुदा छापून घेऊन खाली आली. कागदावर, कारण रीतसर म्हणजे कागद, असं तिला वाटलं. मावशी भांडी घासत होत्या. तिने कागद त्याच्या डोळ्यांसमोर धरला आणि मग, तो वाचत असताना त्याच्याकडे बघवेना, म्हणून मोठ्याने वाचून दाखवला.

“‘फेटाळला. आक्षेप खरा आहे. आक्षेप घेणाऱ्याचं नुकसान होईल, ते भरून निघणार नाही, आणि हे समितीला माहीत आहे. तरीही बदल करत आहोत. हा प्रश्न तेवीस वर्षांपूर्वीच मिटवता आला असता. तेव्हा कौल देताना संपादक चुकली.’ खाली सही.”

नळाचं पाणी वाहत होतं.

“पोर्तोत मी जोरदार विरोधात होते,” शाल्मली म्हणाली. “मी पाच पानं लिहून आणली होती. हात मात्र भलत्याच वेळी वर केला.”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“तुझा पडदा मागे भिंतीवर दिसत होता. फाइलचं नावच ‘विरोध’ होतं.” अर्धा क्षण. “मी काय करणार, पेढे चांगले होते. आणि तू हात वर केलास तेव्हा वाटलं, जिंकलो. किती वर्षं वाटत होतं, जिंकलो.”

तिने कागद खाली ठेवला.

“‘तरीही’ आहे ते बरं झालं,” तो म्हणाला. “‘म्हणून’ लिहिलं असतंस तर भांडलो असतो. आता लिहून घे. आक्षेप कायम. उत्तर स्वीकारलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीत दुसरी मिसळू नकोस.”

“नाही मिसळणार.”

“आणि परिशिष्टात तुझा तो शब्द लिहू नकोस.”

“कुठला?”

“नगण्य. मोजला गेलोय मी. एक लिही.”

लागू होण्याची वेळ

गुरुवार, सकाळी साडेअकरा.

मधले नऊ दिवस कौस्तुभ बोलत सुटला होता. कराडच्या मोठ्या भावाशी फोनवर शेताच्या बांधावरून जुनं भांडण उकरून काढलं आणि मिटवलं नाही. दूधवाल्याला म्हशीची तब्येत विचारली. सुरेखामावशींना कारल्याची भाजी कशी करायची ते सांगितलं. आयुष्यात कधी केली नव्हती त्याने. मावशी ऐकून घेत होत्या आणि मध्येच पदर डोळ्यांना लावत होत्या. शाल्मलीशी मात्र तो नेहमीइतकंच बोलला. तिनेही जास्तीचं काही मागितलं नाही. रेकॉर्डिंग करू का, असं तिने एकदा विचारलं. “मी काय सनईवाला आहे?” तो म्हणाला.

गुरुवारी अकरा वाजता तिने त्याची दाढी केली.

“कल्ल्याजवळ राहिलंय.”

“दिसतंय मला.”

“दिसतंय तर कर की. बाहेरगावी निघालोय असं समज. तिथे न्हावी नाही.”

सव्वाअकरा. मावशी दाराला टेकून उभ्या.

“मावशी, आज साखर घाला.”

“घातलीया साहेब. दोन चमचं.”

“डॉक्टर?”

“मरूदे डाक्टर.”

“शाल्मली, ही बाई तुझ्यापेक्षा बरी संपादक झाली असती.” चहाचा एक चमचा. दुसरा. “गोड झालाय. थोडा जास्तच. हं, आणि एक राहिलंच, त्या शेजारच्या भोसल्यांना सांग, पहाटे पहाटे मोटर लावतात, अख्खी भिंत थरथरते, मी इतकी वर्षं सांगीन म्हणतोय आणि दर वेळी

.

स्पीकरमध्ये बारीक टक् झालं. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा.

शाल्मली चमचा हातात धरून थांबली. तिला वाटलं, हा तो अर्धा क्षण आहे. आता टोमणा येईल.

वीस सेकंदांनी एक स्वच्छ, तरुण, कुठल्याच गावचा नसलेला आवाज म्हणाला, “मी. ठीक. आहे.”

बावन्न वाक्यांतलं ते पहिलं होतं. मावशी आत निघून गेल्या. चहा गार झाला तरी शाल्मलीने चमचा खाली ठेवला नाही.

त्याच दिवशी दुपारी ती भोसल्यांकडे गेली आणि मोटरचं सांगून आली. भोसले म्हणाले, “अहो, साहेबांनी आधीच सांगायचं ना.”

किती वापरात

पंधरा दिवसांनी एफुआचं पत्र आलं. चारच ओळी होत्या. रविवारी आमच्या वॉर्डात भोंगा वेळेवर वाजला. मुलगी. वजन एक किलो शंभर. आई विचारत होती, कुणाचे आभार मानायचे; मी म्हटलं, यादी लांब आहे.

शाल्मलीने ते पत्र कौस्तुभला वाचून दाखवलं. डोळ्यांची पापणी मिटली आणि उघडली. आता एका उत्तराला वीस-पंचवीस सेकंद लागत. ती वाट बघत राहिली.

“हो,” आवाज म्हणाला.

कशाला हो, ते तिने विचारलं नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात मावत नाही, तो विचारणं तिने सोडून दिलं होतं. सगळ्यात थकवणारं तेच होतं. प्रश्न आधी मनात घडवायचा, तासायचा, आणि मग विचारायचा. इतकी वर्षं ती समितीत हेच करत आली होती, पण घरी कधी करावं लागलं नव्हतं. दिवसातून दोनदा ती खाली उतरताना आठव्या पायरीवर मुद्दाम थांबून बघायची.

मानकाची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली होती. तिने परिशिष्ट क उघडलं आणि पलंगाच्या कडेवर बसून एकेचाळिसावी नोंद वाचली.

“‘बदल : मोजपट्टीच्या तळाशी आलेले आकडे आता सर्वत्र शून्य मानले जातील.’ बरोबर?”

बावीस सेकंद. “हो.”

“‘कारण : दोन रीतींची यंत्रं एकमेकांशी बोलताना अडतात, त्यामुळे माणसं दगावली.’”

एकोणीस. “हो.”

“‘रूपांतर : ज्यांचा अर्थ त्या तळाच्या आकड्यांवरच उभा आहे, त्यांचं रूपांतर करता येत नाही.’” ती खाकरली.

“हो.”

“‘किती वापरात : एक.’ तू म्हणालास तसंच लिहिलंय. नगण्य नाही. एक.”

पापणी हलली. वीस सेकंद झाले. तीस झाले. बाहेर मावशी तारेवरचे कपडे काढत होत्या, चिमट्यांचा टपटप आवाज येत होता. शाल्मलीला वाटलं, तो दमला. ती पुस्तक मिटायला लागली.

“नाही,” आवाज म्हणाला.

“काय नाही? एक लिही, असंच सांगितलं होतंस ना?”

“हो.”

“मग चुकलंय काय?”

याला बावन्नांत उत्तर नव्हतं. तिच्या ते लक्षात आलं. प्रश्न पुन्हा घडवायला हवा होता. ती तेवीस वर्षांची सगळी सवय गोळा करून विचार करू लागली. ओळीत दोनच भाग होते. चूक पहिल्यात नसेल, तर दुसऱ्यात. एक नसेल, तर किती? शून्य म्हणायचंय का त्याला? आता काहीच उरलं नाही, असं?

“शून्य?” तिने विचारलं.

“नाही.”

तिने त्याच्याकडे बघितलं. तो चेहरा सहा वर्षं हलला नव्हता आणि आताही हलला नाही. पण डोळे पुस्तकावर नव्हते, तिच्यावर होते. रोज संध्याकाळी कामावरून खाली उतरल्यावर ती सगळ्यात आधी कान द्यायची त्या आवाजाला. त्याच्याशी भांडायची, त्याच्यावर चिडायची, वर खोलीत बसून लिहिताना तो खालून ऐकू येतोय ना, इकडे अर्धं लक्ष ठेवायची.

“दोन?” शाल्मली म्हणाली.

या वेळी पंचवीस सेकंद लागले नाहीत. दहाही लागले नसतील.

“हो.”

मग पुस्तक उचलून ती वर गेली. प्रसिद्ध झालेल्या मानकात चूक सापडली की संपादकाने दोष-पत्र भरायचं असतं. तिने कोरं दोष-पत्र उघडलं. पान एक हजार अठ्ठ्याण्णव. परिशिष्ट क, नोंद एकेचाळीस, ओळ चौथी.

कुणाच्या लक्षात आलं, या रकान्यात तिने कौस्तुभचं नाव लिहिलं.

आहे : एक.

हवं : दोन.